मोबाईल सांभाळायचा कोणी?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या शाळेत एकच फोन होता. मुख्याध्यापकांच्या टेबलावर, डायलला छोटं कुलूप लावलेला. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय विचारला तेव्हा नवं शैक्षणिक धोरण, शिक्षणाचं माध्यम असे भारदस्त विषय मी बाजूला ठेवले. गेली काही वर्षं पालक, शिक्षक आणि खुद्द मुलं मला जो प्रश्न वारंवार विचारतात तोच आज घेतला आहे. शाळेच्या वेळेत मुलांच्या मोबाईलचं काय करायचं?

माझं उत्तर आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला ताटकळायला नको. परिपाठ संपल्यापासून शाळा सुटल्याच्या घंटेपर्यंत, मधली सुट्टी धरून, मोबाईल मुलाच्या हातात, खिशात किंवा दप्तरात नसावा. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एवढं म्हणून भागत नाही. ‘मोबाईल आणण्यास सक्त मनाई’ असा फलक फाटकावर लावला की मोबाईल सांभाळायचं काम कोणाच्या तरी गळ्यात पडतं. मुलाच्या? शिपायाच्या? रोजंदारीवर जाणाऱ्या बापाच्या? की शाळेच्या? ज्यांनी ज्यांनी हे करून पाहिलं त्यांचे अनुभव वाचताना आणि आमच्या शाळेत हेच राबवताना मला दिसलं की नियम टिकतो की मोडतो, न्यायाचा ठरतो की जाचाचा, ते बहुतेक याच गोष्टीवर ठरतं. म्हणून आज माझा भर मोबाईल वाईट की चांगला यावर नाही. तो सांभाळायचा कोणी, यावर आहे.

आधी हा फोन मुलांच्या हातात आला कसा, ते आठवू. मुलांना बोल लावताना आपण ते फार लवकर विसरतो. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं शासनाने सांगितलं, आणि ते सुरू ठेवायला बहुतेकांच्या हाताशी मोबाईलशिवाय दुसरं साधन नव्हतं. कुणी शेळी विकली, कुणी पतसंस्थेचं कर्ज काढलं, कुणी थोरल्याचा जुना हँडसेट धाकटीला दिला. त्याच्याही आधी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले होते. ती कल्पना आपल्या वर्गात रुजवणारे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा प्रत्येक शिक्षकाची मान ताठ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. सांगायचं एवढंच, की मोबाईल काही चोरवाटेने शाळेत शिरलेला नाही. आपण मोठ्यांनीच त्याला हात धरून आत आणलं. गरज होती म्हणून आणलं. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा त्याची जागा कुठली, हे ठरवायचं मात्र राहून गेलं.

आता घराघरात काय आहे ते ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या 2024 च्या फेरीत दिसतं. ही पाहणी ग्रामीण भारताची. 14 ते 16 वर्षांच्या जवळजवळ 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, आणि 80 टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. ज्यांना येतो त्यांच्यातल्या 57 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारी 76 टक्के. स्वतःचा फोन असणाऱ्यांत मुलगे जास्त, मुली कमी. या शेवटच्या फरकाबद्दल मला पुढे बोलायचं आहे.

वर्गात नेमकं काय होतं, ते बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. लोकांना वाटतं, फोन वाजतो, सर रागावतात, तास बिघडतो. वाजणाऱ्या फोनचा बंदोबस्त सोपा असतो. खरा त्रास न वाजणाऱ्या फोनचा. मी गणिताची शिक्षिका. भूमितीचा तास आहे. फळ्यावर पक्ष लिहून झाला, साध्य लिहून झालं, आकृती काढली, आता सिद्धतेला सुरुवात. तिसऱ्या बाकावरच्या मुलाचं दप्तर थरथरतं, अगदी एवढंसं. तो फोन काढत नाही, समजूतदार मुलगा आहे. पण त्याची नजर फळ्यावरून खाली येते. तिच्यामागोमाग शेजारच्याची. मागच्या बाकावरचे दोघे माना उंचावतात. कुणाचा असेल? ग्रुपवर काय पडलं असेल? मी खडू ठेवून वर्गाकडे वळते तेव्हा ते चौघे माझ्याकडेच बघत असतात आणि तरीही सिद्धतेची पहिली पायरी कुठून आली, ते चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. ज्या मुलींनी ती पायरी समजून घेतली होती त्यांचाही वेळ त्यात जातो.

2022 साली ओईसीडी या संघटनेने 15 वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी घेतली. सदस्य देशांतल्या सरासरी 59 टक्के मुलांनी तिच्यात सांगितलं की गणिताच्या काही तासांना तरी दुसऱ्याच्या मोबाईलमुळे किंवा टॅबमुळे आपलं लक्ष उडतं. दुसऱ्याच्या, हे लक्षात घ्या. भारत त्या फेरीत नव्हता, पण हा आकडा वाचताना मला आमचे वर्ग डोळ्यांपुढे दिसले. ‘फोन माझ्या मुलाचा, अभ्यास माझ्या मुलाचा, तुमचं काय जातं?’ असं म्हणणाऱ्या पालकांना मी हेच सांगत आले. शेजारच्या बाकावरच्या मुलाचं जातं. युनेस्कोच्या 2023 च्या शिक्षण अहवालात म्हटलं आहे की एकदा उडालेलं लक्ष पुन्हा बसायला 20 मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपला तास असतो 35 ते 40 मिनिटांचा.

तासाचं पुष्कळांना पटतं. मधल्या सुट्टीचं पटत नाही. ‘अहो, डबा खाताना दहा मिनिटं बघितलं तर काय बिघडलं?’ मला विचाराल तर तासापेक्षाही मधल्या सुट्टीचा मोबाईल अधिक वाईट. तासाला निदान शिक्षक समोर असतो. मधल्या सुट्टीत कॅमेरा मोकळा सुटतो. तोंडात घास असलेल्या मुलाचा फोटो निघतो, त्याच्या चेहऱ्याचं स्टिकर होतं, आणि सुट्टी संपायच्या आत ते तीन तुकड्यांच्या ग्रुपवर फिरून येतं. एखाद्या मुलीच्या गणवेशाची उसवलेली शिवण कुणीतरी टिपतं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत येत नाही. घरी पोट दुखतं म्हणून सांगते. वर्गशिक्षिकेला कारण कळेपर्यंत आठवडा उलटतो. आमच्या लहानपणीही चिडवाचिडवी होती, पण ती मैदानावर सुरू होऊन मैदानावरच संपायची. ही चिडवाचिडवी घरी जाते, रात्री उशाशी येते.

मधली सुट्टी हा शाळेतला एकच वेळ असा, की त्यात मुलं आपली आपण भांडतात, आपली आपण समेट करतात, डबा वाटून खातात, कुणाच्या घरी काय चाललंय ते एकमेकांना सांगतात. अभ्यासक्रमात नसलेलं केवढं तरी शिक्षण त्या अर्ध्या तासात होतं. त्या वेळेचं रक्षण करणं शाळेचंच काम आहे. ब्राझीलमध्ये 13 जानेवारी 2025 रोजी जो कायदा झाला त्यात वर्गाबरोबर मधल्या सुट्टीचाही स्पष्ट उल्लेख आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आता प्रश्न येतो पुराव्याचा. बंदी आणली की मुलांचे गुण वाढतात का? इथे मला तुमच्याशी स्वच्छ बोलायचं आहे, कारण या विषयावर छातीठोक दावे फार होतात. 2015 साली बेलँड आणि मर्फी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या 91 शाळा तपासल्या. बंदीनंतर गुण वाढले होते, पण सगळ्यांचे नाही. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे वाढले; हुशार मुलांना काहीच फरक पडला नाही. पुढे स्वीडनमध्ये असाच अभ्यास झाला, त्यात परिणाम दिसला नाही. 2025 साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी 30 शाळांतल्या बाराशेहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. कडक नियमाच्या आणि सैल नियमाच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. मात्र मोबाईलवर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांची झोप, वागणूक, अभ्यास या सगळ्यांत बिघाड दिसला. शाळेत फोन बंद असला तरी दिवसाकाठी एकूण वापर फारसा उतरत नव्हता. शाळेतला वेळ वाचायचा, बाकीचा दिवस होता तसाच राहायचा.

काही जण बर्मिंगहॅमच्या अभ्यासावरून म्हणतात, बघा, बंदीचा उपयोग नाही. मला त्यातून वेगळं दिसतं. शाळेचे सहा तास शाळा राखू शकते. संध्याकाळचे सहा तास तिच्या हातात नाहीत. शाळेने आपलं केलं आणि घराने केलं नाही, तर एकूण हिशेबात फरक कुठून दिसणार? आणि इंग्लंडच्या त्या जुन्या अभ्यासात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, की फायदा मागच्या बाकावरच्या मुलांचा झाला. ज्याच्या घरी आई अभ्यासाला बसवते, स्वतंत्र खोली आहे, शिकवणी आहे, तो लक्ष उडालं तरी भरून काढतो. ज्याला शाळेतला तास हाच एक तास मिळतो, त्याचा तो गेला की गेला. नॉर्वेमध्ये सारा अब्राहमसन यांनी 2024 साली तिथल्या मधल्या वर्गांच्या शाळांचा अभ्यास मांडला. बंदीनंतर दांडगाई कमी झाली, मानसिक त्रासासाठी उपचार घ्यायला जाणाऱ्या मुली कमी झाल्या, मुलींचे गुण सुधारले; आणि हा फरक कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींत अधिक होता. शिवाय जिथे फोन मुलांकडून काढून वेगळा ठेवला जात होता तिथे परिणाम अधिक दिसला.

काढून वेगळा ठेवणं. फ्रान्सला इथवर यायला चौदा वर्षं लागली. 2010 साली त्यांनी शिकवण्याच्या वेळेत मोबाईल वापरायला कायद्याने मनाई केली. ती अपुरी पडली, म्हणून ऑगस्ट 2018 मध्ये प्राथमिक शाळा आणि कोलेज, म्हणजे साधारण 15 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळा, यांच्या संपूर्ण आवारात वापर बंद केला. तरीही फोन दप्तरातच राहिला. बंद करून ठेवायचा होता, पण होता दप्तरातच. दिवसभर त्या दप्तरापासून हात दूर ठेवायचा तो बारा वर्षांच्या पोराने, स्वतःच्या मनाच्या बळावर. मोठ्या माणसांना सभेत बसून जे जमत नाही ते आपण त्याच्याकडून मागत होतो. शेवटी 2024 च्या शरद ऋतूत तिथल्या सुमारे 200 कोलेजमध्ये, मूल शाळेत आलं की फोन जमा करायचा आणि जाताना परत न्यायचा, असा प्रयोग सुरू झाला. तिन्ही टप्प्यांत मोबाईल वाईट आहे हे गृहीतच होतं. बदललं एवढंच, की सांभाळण्याचं ओझं हळूहळू मुलाच्या खांद्यावरून शाळेच्या खांद्यावर आलं.

याच्या उलट गोष्ट न्यूयॉर्कची, आणि ती आपण नीट ऐकावी अशी आहे. मायकेल ब्लूमबर्ग महापौर असताना तिथल्या सरकारी शाळांत फोन आणायलाच बंदी होती, आणि 2006 पासून ती कडक राबवली गेली. ज्या शाळांच्या दारात मेटल डिटेक्टर होते तिथे फोन लपवून नेणं अशक्य. असे डिटेक्टर असत ते प्रामुख्याने गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या शाळांत. सधन भागातल्या शाळांत मुलं फोन खिशात घालून बिनधास्त आत जात, कोणी विचारत नसे. पण गरीब मुलगा लांबून, दोन गाड्या बदलून येतो, संध्याकाळी धाकट्या भावाला घेऊन परततो. त्याला फोन लागतो. शाळा फोन ठेवून घेणार नाही. मग शाळेबाहेर गाड्या उभ्या राहू लागल्या. दिवसाला एक डॉलर द्या, फोन आमच्याकडे ठेवा, सुटल्यावर घेऊन जा. कोपऱ्यावरच्या दुकानदारांनीही तोच धंदा सुरू केला. ज्यांच्या घरी दुपारच्या जेवणाची भ्रांत, ती पोरं शिकायला जाण्यासाठी रोज डॉलर मोजत होती. मार्च 2015 मध्ये ही बंदी उठली. सप्टेंबर 2025 पासून न्यूयॉर्क राज्याने पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत बंदी पुन्हा आणली आहे, पण या वेळी कायद्यात तीन गोष्टी आहेत: फोन ठेवायची सोय शाळेने करायची, पालकांना मुलाशी संपर्क साधायचा मार्ग शाळेने द्यायचा, आणि निव्वळ फोन वापरला म्हणून मुलाला शाळेतून निलंबित करायचं नाही. त्या एका डॉलरच्या गाड्यांपासून हे राज्य शिकलं, असं मी मानते.

तुम्ही म्हणाल, न्यूयॉर्कचं आम्हाला काय? तर आपल्याकडचा तो डॉलर कुठे आहे, ते सांगते. पुष्कळ शाळांत नियम असा असतो की फोन सापडला तर जप्त, आणि पालकांनी स्वतः येऊन न्यायचा. ऐकायला रास्त वाटतं. पण ऊसतोडीवर, वीटभट्टीवर किंवा एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या बापाला शाळेत यायचं म्हणजे एक खाडा. त्या दिवसाचा रोज बुडतो. वर दंड असेल तर तोही. डॉक्टरांच्या मुलाचा फोन ड्रायव्हर येऊन घेऊन जातो. एकच नियम, पण एकाला तो दिवसाच्या मजुरीइतका पडतो आणि दुसऱ्याला काहीच पडत नाही. आमच्या शाळेत आम्ही दंड ठेवला नाही, आणि पालकाला खास फोन न्यायला बोलावणंही ठेवलं नाही.

मग केलं काय? सांगते, कारण अशा गोष्टी बारकाव्यांत असतात. एका पालक भगिनीने प्रत्येक वर्गासाठी जाड खादीचा एकेक पडदा शिवून दिला. त्याला ओळीने खिसे, प्रत्येक खिशावर हजेरी क्रमांक. परिपाठानंतर वर्गशिक्षक हजेरी घेतात तेव्हाच ज्याने फोन आणला असेल तो बंद करून आपल्या खिशात ठेवतो. पडदा गुंडाळला जातो, त्या वर्गाच्या कपाटात जातो, किल्ली वर्गशिक्षकाकडे. वहीत नोंद होते. काच आधीच फुटलेली असेल तर तसं लिहिलं जातं, म्हणजे नंतर वाद नको. सगळे फोन ऑफिसात एका पेटीत का ठेवले नाहीत? एसटीमुळे. वाड्यावस्त्यांवरची मुलं शाळा सुटल्या सुटल्या धावत स्टँडवर जातात. ऑफिससमोर रांग लागली तर गाडी चुकते, पुढची दीड तासाने. अंधार पडतो. ज्या नियमामुळे मुलीची गाडी चुकते तो नियम पालक आठवडाभरही चालू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. शेवटच्या तासाचे शिक्षक घंटेच्या पाच मिनिटं आधी पडदा भिंतीला अडकवतात, बस्स.

दुसरी अडचण याहून मोठी होती. पालकसभेत आयांनी विचारलं, ‘बाई, पोरीचा मोबाईल तुम्ही ठेवणार, मग मला तिला काही निरोप द्यायचा झाला तर?’ त्या आईला ‘पूर्वी कसं चालायचं’ म्हणून गप्प करणं सोपं आहे. पण पूर्वी शाळेत चालू फोन असायचा. आज खेड्यातल्या कितीतरी शाळांचा लँडलाईन कधीच बंद पडला आहे. मुख्याध्यापकांचा खाजगी नंबर असतो, आणि ते मीटिंगला तालुक्याला गेलेले असतात. म्हणून शाळेसाठी एक साधा बटणांचा मोबाईल घेतला, नंबर प्रत्येक मुलाच्या ओळखपत्रामागे छापला, आणि तो दिवसभर उचलायची जबाबदारी लिपिकाकडे दिली. निरोप आला की चिठ्ठी वर्गात जाते. सुरुवातीला पालक नुसते खात्री करायला फोन करायचे. फोन उचलला जातो हे कळल्यावर फोन कमी झाले. मुलांचे मोबाईल ठेवून घेणाऱ्या प्रत्येक शाळेकडे उचलला जाणारा एक फोन असलाच पाहिजे. नसेल तर तिने मुलांचे फोन घेऊ नयेत, इतकं मी ठामपणे म्हणेन.

काही मुलांना फोन लागतोच. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या दंडावरचा सेन्सर साखरेचा आकडा फोनवर पाठवतो. तो फोन त्याच्याजवळच हवा. दृष्टिहीन मुलाला फोन धडा वाचून दाखवतो. अशा मुलांसाठी वेगळा अर्ज, वेगळी चर्चा करायला लावू नये. वर्गशिक्षकाला माहीत असलं की पुरे.

आता मुलींबद्दल. मुलाच्या दप्तरात फोन सापडला तर घरी दोन शिव्या, फार तर एक थप्पड. मुलीच्या दप्तरात सापडला तर घर वेगळेच प्रश्न विचारतं. कुणी दिला? कुणाशी बोलतेस? नववीतल्या एका मुलीकडे तिच्या मामेबहिणीचा फोन सापडला होता. शिक्षिका तिला माझ्याकडे घेऊन आल्या. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, ‘बाई, पप्पांना नका सांगू, शाळा बंद करतील.’ हे ती घाबरून वाढवून सांगत नव्हती. तिच्या वाडीत दोन मुलींची शाळा तशीच सुटली होती आणि त्यातल्या एकीचं लग्नही झालं होतं. आम्ही फोन दिवसभर ठेवून घेतला, संध्याकाळी तिला परत दिला, आणि ती पुढे दहावी झाली. शिस्तीच्या नावाखाली शाळेने मुलीबद्दलची कोणती बातमी घरी धाडायची, याचा दहा वेळा विचार करावा. मोबाईलचा नियम शिकण्यासाठी आहे. त्याच्यापायी एका मुलीचंही शिक्षण थांबलं तर तो नियम मोडीत काढावा.

आणि आपण मोठी माणसं? सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतील, वाचतील. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर गेले, लोकांना समजावलं. त्यात मला मोलाचं वाटतं ते हे की टीव्ही आई-आजीचाही बंद होता आणि मोबाईल बापाचाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने 18 वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्या गावाची कळकळ मला समजते. पण दोन्हींतला एक मार्ग निवडायचा झाला तर मी वडगावचा निवडेन, कारण तिथे पोरांना जे करायला सांगितलं ते मोठ्यांनी स्वतः केलं.

शाळेतही हेच. मुलांचा फोन कपाटात आणि शिक्षकांचा टेबलावर, असं चालणार नाही. पण इथे शिक्षकांची बाजू मांडली पाहिजे. आज शिक्षक वर्गात फोन काढतो तो बहुतेक वेळा स्वतःसाठी नसतो. मुलांची हजेरी ॲपवर, पोषण आहाराची रोजची आकडेवारी ॲपवर, शासनाच्या सरल आणि युडायस या नोंदप्रणालींची माहिती ऑनलाईन; केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर सकाळी 11 वाजता निरोप पडतो, माहिती 12 पर्यंत पाठवा. शिक्षक ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत रस्त्यावर उतरले ते उगाच नाही. शिक्षण विभागाला माझी हात जोडून विनंती आहे की शाळेच्या वेळेत शिक्षकांकडून फोनवर माहिती मागवू नये. दुपारी 12 ला नाही मिळाली तर संध्याकाळी 5 ला मिळेल. कुणाचं काही अडत नाही. आणि शिक्षकांना विनंती, गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकू नका. फळ्यावर लिहा, मुलांना वहीत उतरवून घेऊ द्या. आपणच रात्री 8 वाजता ग्रुपवर गृहपाठ टाकायचा आणि सकाळी मुलांना फोनपासून दूर राहायला सांगायचं, हे त्यांना पटणार कसं?

‘पुढे आयुष्यभर मोबाईल वापरायचाच आहे, मग शाळेतच शिकवा की,’ हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 साली एका प्रकरणात म्हटलं की शाळेत मोबाईल आणण्यावर सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही. जमेल तिथे शाळेने फोन सुरक्षित ठेवून घ्यावेत, वर्गात वापरू देऊ नयेत, आणि मुलांना त्याचा जबाबदार वापर शिकवावा. तो शिकवायचा तर तासाला, शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवू: बातमी खरी की खोटी कशी पारखायची, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, एखाद्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवणं हा गुन्हा का ठरू शकतो. हे शिकायला फोन दिवसभर खिशात असावा लागत नाही.

आणि फोन काढून घेतल्यावर त्या मोकळ्या वेळेत मुलांना काय मिळणार, हेही शाळेला सांगता आलं पाहिजे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान आणि ग्रंथालय असावं, असं लिहिलं आहे. कितीतरी शाळांत मैदानावर गाड्या लागतात आणि पुस्तकं कुलूपबंद कपाटात असतात. पडदे लागले त्या वर्षी आम्ही मधल्या सुट्टीपुरतं ग्रंथालयाचं कपाट व्हरांड्यात आणलं आणि कबड्डीचं मैदान चुन्याने आखून ठेवलं. पहिले काही दिवस मुलं भिंतीला टेकून नुसती उभी राहत. नववीच्या मुलांना हातांचं काय करावं, ते कळत नव्हतं. मग सातवीच्या मुलांनी मैदान घेतलं, तेव्हा नववीवाले भांडायला आले. त्या भांडणाचा आवाज स्टाफरूमपर्यंत आला, आणि आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांनी जाऊन दिवस वाटून दिले.

जूनमध्ये शाळा भरतील. त्याआधी आपापल्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत, शिक्षक-पालक संघात हा विषय घ्या. नियम करताना आठवी-नववीची चार मुलं, चार मुली समोर बसवा. आमच्याकडे ‘शिक्षकांनीही वर्गात फोन आणू नये’ हे कलम मुलांनीच सुचवलं होतं आणि ते सगळ्यांनी मान्य केलं. पडद्याचं माप, नोंदवहीचा नमुना आणि पालकांना दिलेल्या पत्राची प्रत मी कार्यकर्त्यांकडे ठेवून जाते आहे. ज्या शाळेला हवी असेल तिने घ्यावी, आपल्या सोयीने बदलावी. शिवणकामाला कापड किती लागतं, तेही त्यात लिहिलं आहे.